टायरवर १६ पीआर, कापला तर थर आठ: नायलॉन टायर आतून बनतो कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाघोली-लोणीकंद पट्ट्यातल्या खाणींवर तुमचे टिपर चालतात. मागच्या जोडीतला १०.००-२० मापाचा नायलॉन टायर फुटला. त्यावर १६ पीआर असं ठळक छापलेलं आहे, पण पंक्चरवाल्याने टायरची बाजू कापून दाखवली तर थर भरले आठ. ‘निम्मे थर कंपनीने खाल्ले,’ असं त्याचं म्हणणं. फुटलेल्या जागी आतल्या बाजूने फुलीच्या आकाराची चीर आहे. तर यात फसवणूक झाली का, आणि हा टायर मुळात बनतो कसा?

माझी निम्मी नोकरी टायर बिल्डिंग खात्यात गेली आणि उरलेली फाटलेले टायर तपासण्यात, त्यामुळे दोन्हीबद्दल सांगतो. थरांच्या बाबतीत तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. आठ थरांचा १६ पीआर टायर ही रोजची गोष्ट आहे. टायरच्या अंगात सुती दोरा असायचा त्या काळात पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, ही खरोखरच थरांची संख्या होती. पुढे रेयॉन आला, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आला, आणि तेवढ्याच ताकदीला निम्मे थर पुरायला लागले. भाराचे आणि हवेचे तक्ते जुन्या आकड्यांवर बांधलेले असल्याने आकडा मात्र तसाच राहिला. आज १६ पीआर म्हणजे ताकदीची एक प्रत, एवढंच. हा टायर किती किलो पेलतो ते बाजूवर वेगळं लिहिलेलं असतं, एकटा लावला तर किती आणि जोडीत लावला तर किती. जोडीतला आकडा कमी असतो. गाडीवाल्याने खरं तर तो वाचायला हवा.

शिवाय थर कुठे मोजले यावरही उत्तर बदलतं. बाजूच्या बरोबर मध्यावर मोजलेत तर खरे थर मिळतात. बीडच्या, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेतल्या पोलादी कड्याच्या जवळ कापलात तर तोच टायर पंधरा-सोळा थरांचा वाटेल, कारण तिथे प्रत्येक थर बीडभोवती वळून परत वर आलेला असतो. नक्षीच्या खाली कापलात तर अंगाच्या थरांवर ब्रेकरचे, म्हणजे फक्त नक्षीखाली घातलेल्या कापडी पट्ट्यांचे, दोन जादा थर दिसतील. तुमच्या पंक्चरवाल्याने जागा बरोबर निवडली, अर्थ चुकीचा काढला.

आता बनावट. सुरुवात दोऱ्यापासून करायला हवी, कारण हवेचा सगळा ताण दोरा घेतो. रबर त्या दोऱ्यांना जागेवर धरतं, हवामानापासून जपतं आणि रस्त्याशी घासतं. टायरचा दोरा म्हणजे नायलॉनच्या दोन धाग्यांना आधी वेगवेगळा पीळ देऊन मग उलट दिशेने एकत्र पिळलेली दोरी. तिच्यावर १२६०/२, १६८०/२ असे आकडे असतात. १६८० हा डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आणि २ म्हणजे दोन धागे. डेनियर वाढवला की कमी थरांत तेवढीच ताकद मिळते. म्हणून एकाच मापाच्या, एकाच पीआरच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये थर वेगवेगळे निघू शकतात आणि दोन्ही टायर चोख असतात. आपल्या भोसरीतली सेंच्युरी एन्का या नायलॉनच्या धंद्यातली जुनी कंपनी आहे, म्हणजे हा माल पुण्याला काही परका नाही.

या दोऱ्यांचं कापड विणतात, पण ते नेहमीच्या कापडासारखं नसतं. उभे दोरे खच्चून भरलेले, इंचाला साधारण पंचवीस-तीस. आडवा धागा मात्र नावापुरता, सेंटिमीटरला जेमतेम एखादा, तोही बारीक सुती. दोरे पांगू नयेत एवढंच त्याचं काम, आणि पुढे टायर फुगवताना तो तुटून जावा अशीच अपेक्षा असते. उभे-आडवे दोन्ही दोरे सारखेच जाड ठेवले तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ते एकमेकांना घासून कापतात. सुरुवातीच्या काळातले टायर असेच मरायचे.

नायलॉन गुळगुळीत असतो, त्याला रबर आपणहून चिकटत नाही. म्हणून कापड रेसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि लॅटेक्सच्या द्रावणात बुडवून, ताण देऊन, गरम भट्टीतून काढतात. बाहेर येतं ते लालसर तपकिरी कापड. कापलेल्या टायरमध्ये दोरा तपकिरी दिसतो तो यामुळे. ताण देऊन तापवण्याचं कारण असं, की नायलॉन गरम झाला की आखडतो आणि भाराखाली ताणला जातो. त्यातला जेवढा ताण आधीच काढून घेता येईल तेवढा काढतात. ही खोड पूर्ण जात नाही, ती पुढे पुन्हा आडवी येते.

रबराचं मिश्रण बॅनबरीत, म्हणजे रबर मळायच्या बंद यंत्रात होतं. नैसर्गिक रबर, कार्बन ब्लॅक, गंधक, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल, म्हातारपण लांबवणारी रसायनं आणि मेण. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की एका टायरमध्ये अशी पाच-सहा वेगवेगळी मिश्रणं असतात. नक्षीच्या रबरात कार्बन ब्लॅक जास्त, झीज कमी व्हावी म्हणून. अंगाच्या थरांतलं रबर मऊ आणि कमी तापणारं, बहुतांशी नैसर्गिक. कच्चं असतानाही ते एकमेकाला घट्ट चिकटतं, आणि थरांवर थर चढवायचे असतात तेव्हा तो गुण फार मोलाचा ठरतो. बीडजवळचं रबर कडक.

मग कॅलेंडर. मोठ्या गरम रोलरांमधून कापड जातं आणि दोन्ही बाजूंनी रबराचा पातळ लेप बसतो. इथे दोरे सरळ आणि समान अंतरावर राहिले पाहिजेत. हवा भरल्यावर टायरच्या बाजूला एखादा लांबट खळगा किंवा फुगवटा दिसतो ना, त्याचं मूळ पुष्कळदा इथे किंवा पुढच्या सांध्यात असतं. रबर चढवलेलं हे कापड तिरकं कापतात, तुकडे एकाला एक जोडतात आणि त्याचा लांब पट्टा बनतो. सांधा नेहमी दोऱ्याला समांतर येतो, दोन-चार दोरे एकमेकांवर चढवून. दोऱ्याची टोकं टोकांना जोडायची वेळ कधीच येत नाही.

दुसरीकडे बीड तयार होत असतो. मिलिमीटरभर जाडीची, तांब्याचा किंवा ब्राँझचा मुलामा दिलेली कडक पोलादी तार. अशा काही तारा शेजारी शेजारी ठेवून रबरात बुडवतात आणि त्या पट्टीचे गोल वेढे घेत कडं बनवतात. मुलामा दिसण्यासाठी नसतो, तारेला रबर धरतं ते त्यामुळेच. कड्याच्या डोक्यावर कडक रबराची त्रिकोणी पट्टी बसते आणि वरून कापडाची गुंडाळी. हलक्या टायरला एका बाजूला एक बीड पुरतो. तुमच्या मापाच्या जड टायरमध्ये बऱ्याचदा दोन असतात, कारण आठ थर एकाच कड्याभोवती वळवले तर गठ्ठा जाड होतो आणि वळण ढिलं पडतं.

आता बिल्डिंग. एक गोल, घडी होणारा पोलादी ड्रम फिरत असतो. त्यावर आधी आतलं पातळ रबर जातं, ज्याला पुढे ट्यूब टेकणार. मग थर चढतात. हे थर आधीच दोन-दोन, चार-चारचे अखंड गोल पट्टे करून ठेवलेले असतात. पहिला थर डावीकडे तिरका, दुसरा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. म्हणून थरांची संख्या नेहमी सम. विषम ठेवली तर एका दिशेचा ओढा शिल्लक राहतो आणि टायर पीळ खातो. पहिला पट्टा चढला की दोन्ही बाजूंनी बीड बसवतात आणि थरांच्या कडा बीडभोवती खालून वर वळवतात. त्यावर पुढचा पट्टा, दुसरा बीड, पुन्हा वळवणी. शेवटचे थर मात्र उलटे, बाहेरून खाली येऊन बीडच्या पायाखाली जातात आणि सगळा गठ्ठा बांधून टाकतात. वळवलेल्या कडा एकाच उंचीवर संपल्या तर तिथे पायरी तयार होते आणि टायर वाकताना नेमका तिथे फाटतो, म्हणून प्रत्येक कड वेगळ्या उंचीवर संपवतात. सांधेही ड्रमभर विखुरतात, एकावर एक येऊ देत नाहीत. शेवटी रिमला घासणारी कापडी पट्टी, दोन ब्रेकर, त्यांच्याखाली मऊ रबराची गादी, वरून नक्षीचं जाड रबर आणि दोन्ही बाजूंचं रबर.

हे सगळं चालू असताना कामगार चाकांच्या स्टिचरने प्रत्येक थर दाबत असतो. थरांमध्ये हवा अडकली तर पुढे तीच जागा सुटते. चिकटपणा कमी वाटला की सॉल्व्हंटचा हात फिरवतात, आणि इथे माणसाची परीक्षा असते. सॉल्व्हंट वाळायच्या आत पुढचा थर टाकला तर ते आत कोंडतं आणि पुढे टायर साच्यात तापवून पक्का करणाऱ्या प्रेसमध्ये त्याची वाफ होते. तयार कच्च्या टायरला आरीने ठिकठिकाणी टोचतात, तेही अडकलेली हवा निघावी म्हणून. नवख्याला वाटतं, चांगल्या टायरला भोकं का पाडताय. पण कच्चं रबर प्रेसमध्ये मऊ होऊन वाहतं आणि ती भोकं बुजवून टाकतं.

ड्रमवरून उतरतो तो टायरसारखा दिसत नाही. सरळ नळकांडं असतं. हे नळकांडं प्रेसमध्ये फुगून टायर होतं तेव्हाच दोऱ्यांचा कोन ठरतो, आणि कोनावर टायरचं सगळं वागणं अवलंबून असतं. जुन्या इमारतींच्या लिफ्टला सरकतं जाळीचं दार असतं ना, ते ताणलं की पट्ट्यांमधला कोन बदलतो, पट्ट्या मात्र तेवढ्याच लांबीच्या राहतात. एकमेकांवर फुली मारून बसलेले दोरेही तसेच सरकतात. ड्रमवर दोरा परिघाशी साधारण ६० अंशांत ठेवलेला असतो. टायर फुगला की मधला भाग ड्रमच्या त्रिज्येच्या समजा १.६ पट होतो. कोनाची कोसाइन त्रिज्येच्या प्रमाणात वाढते. ६० अंशांची कोसाइन ०.५, गुणिले १.६ म्हणजे ०.८, आणि ०.८ कोसाइनचा कोन ३७ अंशांच्या आसपास. ट्रकच्या नायलॉन टायरचा मधला कोन ३५ ते ४० अंशांत असतो तो असा येतो. बीडकडे त्रिज्या फारशी वाढत नाही, म्हणून तिथे दोरा उभाच राहतो.

कोन कमी केला, म्हणजे दोरा परिघाच्या दिशेला झुकवला, तर टायर कडक होतो, कमी वाढतो आणि धक्के जास्त देतो. वाढवला तर मऊ चालतो, पण नक्षी रस्त्यावर वळवळते आणि लवकर झिजते. बिल्डरने पट्टा ड्रमवर चढवताना ओढून बसवला तरी कोन बदलतो. म्हणून बीडच्या वळवणीची शिस्त आणि हा कोन या दोन गोष्टी बरोबर असलेला आठ थरांचा टायर, त्या बिघडलेल्या बारा थरांच्या टायरला सहज मागे टाकेल. टायर बघताना थर मोजायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि दुकानदारही तिला खतपाणी घालतात.

प्रेसमध्ये आतून रबरी ब्लॅडर वाफेने किंवा गरम पाण्याने फुगतो आणि टायरला साच्यावर दाबतो. साचा दीडशे अंशांच्या आसपास. कारचा टायर पंधरा मिनिटांत निघतो, ट्रकच्या नायलॉनला तासाभराच्या घरात वेळ लागतो, कारण खांद्याशी, म्हणजे नक्षी आणि बाजू मिळतात तिथे, रबर जाड असतं आणि उष्णता तिथे सगळ्यात शेवटी पोचते. नव्या टायरवरचे रबराचे केस म्हणजे साच्यातल्या हवा निघायच्या भोकांत शिरलेलं रबर, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. प्रेसमधून काढला की नायलॉनची ती आखडायची खोड पुन्हा डोकं वर काढते. म्हणून गरम टायर लगेच दुसऱ्या स्टँडवर चढवून, हवा भरून, थंड होईपर्यंत फुगलेलाच ठेवतात. हे केलं नाही तर टायर मापाला लहान आणि वाकडा राहतो. रात्रभर उभ्या गाडीचे टायर सकाळी थोडा वेळ धडधडतात तेही याच खोडीमुळे. चालून तापला की जागेवर येतो.

आता हीच बनावट तुमच्या कामाला कशी लागू पडते ते बघा. ट्रकचा दुसऱ्या जातीचा टायर म्हणजे रेडियल. त्यात अंगाचा थर एकच, पोलादी दोऱ्याचा, आणि पट्टे फक्त नक्षीखाली. त्यामुळे बाजू पातळ. नायलॉनमध्ये नक्षीखाली जेवढे थर तेवढेच बाजूलाही. खाणीतला धारदार काळा दगड बाजूला घासतो तेव्हा हे थर उपयोगी पडतात, आणि बाजूचा घाव दुरुस्तही होतो. पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. टायर रस्त्याला टेकतो तिथे दरवेळी फुलीचे कोन बदलतात, थर एकमेकांवर सरकतात आणि मधलं रबर तापतं. खाणीच्या कच्च्या वाटेवर वीसच्या वेगाने चालताना हे सोसतं. तोच भरलेला टिपर नगर रोडला लागला आणि सत्तरने निघाला, वर भार जास्त आणि हवा कमी, की खांद्याशी उष्णता साठत जाते. नायलॉन-६ वितळतो २२० अंशांना, पण रबराची पकड त्याच्या कितीतरी आधी सुटते.

उन्हाळ्यात आपल्याकडे एक वाईट सवय आहे. टायर गरम झाला, हवा वाढली, म्हणून वाटेत थांबून हवा सोडायची. वाढलेली हवा ही तक्रार असते, आजार असतो कमी हवा, जास्त भार किंवा जास्त वेग. हवा सोडलीत की टायर आणखी वाकणार, आणखी तापणार. हवा सकाळी थंड टायरला बघायची आणि दिवसभर तिला हात लावायचा नाही.

माझं मत विचाराल तर खाण ते क्रशर एवढीच फेरी असलेल्या गाड्यांना नायलॉन ठेवा. ज्या गाड्या खडी घेऊन रोज लांब पक्क्या रस्त्यावर पळतात, त्यांना रेडियल लावा, डिझेलमध्येही फरक दिसेल. मात्र एका अॅक्सलवर दोन्ही मिसळू नका. ओळख सोपी आहे: १०.०० आणि २० यांच्यामध्ये आडवी रेघ असेल तर नायलॉन, आर असेल तर रेडियल.

राहिली तुमची फुली. ती सगळं सांगते. टायर दगडावर जोरात आदळला की आत दबतो, आणि दबताना सगळ्यात जास्त ताण सगळ्यात आतल्या थरांवर येतो. ते आधी तुटतात. दोरे दोन दिशांना तिरके असल्याने तूटही त्याच दोन दिशांना पसरते आणि फुली उमटते. बाहेरून बऱ्याचदा ओरखडासुद्धा दिसत नाही. गाडी चालत राहते, चीर हळूहळू ट्यूबला चिमटे घेते आणि दोन-चार दिवसांनी टायर भलत्याच ठिकाणी, सपाट रस्त्यावर फुटतो. हवा गरजेपेक्षा जास्त आणि भारही जास्त असेल तर हे लवकर घडतं, कारण ताठ टायरला दबून दगड गिळता येत नाही.

बनवण्यातला दोष वेगळा दिसतो. सांधा सुटला असेल तर चीर एकाच तिरक्या दिशेत जाते आणि तिच्या कडेला दोरे अखंड असतात, तुटलेली टोकं नसतात. हवा किंवा सॉल्व्हंट अडकून थर सुटला असेल तर दोन थरांमधली जागा गुळगुळीत, चकचकीत निघते, रबर फाटल्याचा खडबडीतपणा तिथे नसतो. आणि हवा कमी असताना चालवलेल्या टायरची बाजू आतून गोल सुरकुतलेली असते, दोऱ्यांची टोकं वितळून कडक गोळ्या झालेली असतात. तुमच्या टायरच्या फुलीवर बोट फिरवून बघा. टोकं पिंजलेली आणि मऊ लागली तर दगडच. तरीही खात्री करायची असेल तर टायर भंगारात देऊ नका. अनुक्रमांकाचा तुकडा आणि फुटलेला भाग दोन्ही एकत्र ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला दाखवा. फुटलेल्या भागाशिवाय आलेल्या टायरवर कोणीच काही सांगू शकत नाही.

भरणीच्या जागी पोकलेनवाल्याला सांगून मागे सांडलेले दगड दर काही फेऱ्यांनी साफ करून घ्या. टिपर उलटा मागे घेताना मागची जोडी तिथेच आदळते. आणि फुटलेल्या टायरचा जोडीदार अजून गाडीवर असेल तर तो आधी उतरवा. एक फुटल्यावर गाडी थांबेपर्यंत दोघांचा भार त्या एकट्याने वाहिलेला असतो. ट्यूब काढून, आत हात घालून, उजेडात पूर्ण गोल तपासा. सुरकुती किंवा बारीक चीर दिसली तर तो पुन्हा चढवू नका.